भंगाराचा रथ आणि कलेची कसोटी

टीकाकाराच्या हातून दोन प्रकारचे अन्याय घडतात. एक, वाईट कृतीची वाखाणणी. आणि दुसरा, चांगल्या कृतीस भलतेंच नांव देऊन तिला दारांतूनच परत लावणें. पहिल्या अन्यायाची भरपाई काळ आपण होऊन करतो. दुसऱ्याची भरपाई मात्र टीकाकारानेंच करावी लागते, कारण परत लावलेली कृति बहुधा पुन्हां दार ठोठावीत नाहीं. प्रस्तुत लेख हा आमच्या हातून घडलेल्या अशा एका दुसऱ्या प्रकारच्या अन्यायाचा विचार आहे. आणि त्याच्या ओघांत, टाकाऊ वस्तूंतून उभ्या केलेल्या चालत्या शिल्पांस कोणती कसोटी लावावी, हा प्रश्न वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वीं नाशिकांतील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत कलाप्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्हांस बोलावणें आलें. दालनांत चित्रें होतीं, रांगोळ्या होत्या, मातीच्या मूर्ति होत्या. दालनाबाहेर, सायकली ठेवण्याच्या छपराशेजारीं, एक वाहन उभें होतें. आयुष्य संपलेल्या तीनचाकी रिक्षाच्या सांगाड्यावर विद्यार्थ्यांनीं एक यंत्रमानव बसविला होता. स्कूटरचे दोन हेडलाइट हे त्याचे डोळे. मोटारीची पुढची जाळी हें तोंड. दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बर ही मान. सायलेन्सरच्या नळ्या हे हात. आणि बोटांच्या जागीं जळके स्पार्क प्लग. उजवा हात हालत होता. डोक्यापासून चाकांपर्यंत सर्वांगास चंदेरी रंग फांसलेला होता. आणि त्या रंगावर निळ्या, जांभळ्या, हिरव्या दिव्यांच्या पट्ट्या इतक्या दाट गुंडाळल्या होत्या कीं, आंत आहे तें काय, हें कळण्यास थोडा वेळ लागावा. मागें एका हातगाडीवर भाड्याचा जनरेटर धडधडत होता. सभोंवार मुलांची गर्दी लोटली होती. दालनांतील चित्रांपुढें मात्र आम्ही आणि आमचे सहपरीक्षक असे दोघेच होतों.

आम्हीं शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें : “कौशल्य उत्तम. कलाकृति म्हणून विचार करतां येत नाहीं.” बक्षीस एका निसर्गचित्रास दिलें. संध्याकाळीं त्या वाहनाच्या कर्त्यांपैकीं एक मुलगा आमच्यापाशीं आला. त्याच्या स्वरांत राग नव्हता. तो इतकेंच म्हणाला, “सर, मग काय केलें असतें म्हणजे ती कला झाली असती?” तीस वर्षें वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास या प्रश्नाचें उत्तर जिभेवर असावयास हवें होतें. तें नव्हतें. आम्हीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून आमच्या मागें लागला आहे.

उत्तर शोधूं जातां आम्हांस प्रथम 'रोबो' या शब्दापाशींच थांबावें लागलें. हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकानें जगास दिला. नाटक १९२० सालीं छापलें गेलें आणि पुढील वर्षीं प्राग येथें रंगभूमीवर आलें. शब्द सुचविला तो कारेलचा भाऊ, चित्रकार योसेफ चापेक, यानें. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे कुळानें जमीनदारासाठीं सक्तीनें करावयाचें काम. मराठींत याला अगदीं नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते कृत्रिम मांसाचे, दिसण्यांत माणसांसारखे, कारखान्यांत घडविलेले मजूर होते. पत्र्याचें अंग आणि दिव्यांचे डोळे हा पोशाख त्यांस पुढें चित्रपटांनीं आणि खेळण्यांनीं चढविला. आपला 'यंत्रमानव' हा शब्द त्या पोशाखाचें भाषांतर आहे. यंत्र त्यांत आलें, मानव आला. वेठ तेवढी बाहेर राहिली.

ही वेठ आंत घेतली म्हणजे भंगार आणि यंत्रमानव यांचा संबंध निराळाच दिसूं लागतो. भंगारांतील प्रत्येक भागानें कोठें ना कोठें वेठ केलेली असते. सायलेन्सरनें वर्षानुवर्षें दुसऱ्याचा धूर गिळलेला असतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बरनें रस्त्यांतील खड्डे आपल्या अंगावर घेऊन बसणाऱ्याच्या पाठीस सुख दिलेलें असतें. काम संपलें कीं त्यांस किलोच्या भावानें तोलून टाकतात. तेव्हां भंगारांतून यंत्रमानव उभा करणें हा केवळ स्वस्ताईचा मार्ग नव्हे. विषय आणि साधन यांचें गोत्रच येथें एक आहे. मात्र तें एक आहे हें कर्त्यास उमगलें पाहिजे, आणि पाहणाऱ्यास दिसलें पाहिजे. येथूनच आमची कसोटी सुरू होते.

जुन्या वस्तूचें नवें करण्याच्या दोन रीति आपल्या घरांत पूर्वापार चालत आल्या आहेत. नाशिकच्या वाचकांस तांबट आळी सांगावयास नको. या गांवचीं तांब्यापितळेचीं भांडीं दूरवर प्रसिद्ध आहेत. पोचे आलेलें, गळकें भांडें घरची माणसें मोड म्हणून देत आणि वर पैसे भरून नवें घेत; 'मोडींत काढणें' हा आपला वाक्प्रचार तेथलाच. मोड भट्टींत जाई. आजीच्या लग्नांत आलेल्या तांब्यावर तिच्या माहेरचें नांव घातलेलें असे. भट्टींत तें नांव विरे आणि धातु तेवढी शिल्लक राही. ही एक रीति. दुसरी रीति गोधडीची. गोधडींत जुनें लुगडें फाडतात, परंतु वितळवीत नाहींत. पांघरुणांत शिरलेलें मूल एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगूं शकतें कीं, हें आईचें पातळ, हें आजोबांचें धोतर, ही ताईच्या परकराची किनार. गोधडी नवी वस्तु असते. तिला स्वतःचा आकार आणि स्वतःचें काम असतें. आणि तरीही तिच्यांतला एकही तुकडा आपलें पूर्वायुष्य विसरलेला नसतो.

टाकाऊ वस्तूंच्या शिल्पास आम्ही गोधडीची कसोटी लावावी असें म्हणतों. भागानें नवें रूप घेतलें पाहिजे, आणि जुनें रूपही सांगितलें पाहिजे. दोहोंपैकीं एकच घडलें तर कृति पंगु राहते. नवें रूप घेतलेंच नाहीं, तर तो नुसता भंगाराचा ढीग. जुनें रूप पुसून टाकलें, तर भंगार वापरण्याचें कारणच उरलें नाहीं, नवा पत्रा आणून तेंच काम अधिक नीटसपणें झालें असतें. या कसोटीचें अत्यंत थोडक्या साधनांतलें उदाहरण म्हणजे पिकासोचें १९४२ सालचें 'बैलाचें मस्तक'. सायकलचें आसन आणि तिचें हँडल, या दोनच वस्तु. आसन हें तोंड झालें, हँडल हीं शिंगें झालीं. पाहणाऱ्यास बैल दिसतो आणि सायकलही दिसते; नजर एकीकडून दुसरीकडे सारखी जात-येत राहते. त्या जाण्यायेण्यांतच सारा आनंद आहे. तें आसन कातड्यानें मढवून बैलाचें हुबेहूब तोंड केलें असतें, तर त्याकडे कोणी पुन्हां वळूनही पाहिलें नसतें.

आतां चालत्या वाहनांकडे वळूं. अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं १९८८ पासून लोकांनीं आपल्या हातांनीं सजविलेल्या, बदललेल्या मोटारींची मिरवणूक निघत आली आहे. अशा वाहनांस तिकडे 'आर्ट कार' म्हणतात. त्यापूर्वीं, १९७५ सालीं, अलेक्झांडर कॅल्डर या विख्यात शिल्पकारानें बी. एम. डब्ल्यू. कंपनीची शर्यतीची मोटार रंगविली आणि ती फ्रान्समधील ल मां येथील शर्यतींत धांवली. कॅल्डरच्या योग्यतेविषयीं शंका नाहीं. तथापि ती मोटार पाहतांना वाटतें कीं, हें चित्र मोटारीच्या अंगावर आहे, मोटारींतून आलेलें नाहीं. रंग खरवडला तर मोटार जशीच्या तशी राहील. हा अलंकार झाला. आणि अलंकाराची किंमत आम्ही कमी मानीत नाहीं. केवळ प्रकार भिन्न आहे एवढेंच.

याच्या अगदीं उलट टोंकास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून बाहेर पडलेले जितीश कलाट यांची २००७ सालची 'ऑटोसॉरस ट्रायपस' ही कृति आहे. ही खऱ्या आकाराची रिक्षा. परंतु तिचा प्रत्येक भाग हाडाच्या आकाराचा आहे. बरगड्या, मणके, सांधे यांची बनलेली ती रिक्षा वस्तुसंग्रहालयांतील एखाद्या लोप पावलेल्या प्राण्याप्रमाणें उभी असते. तिजकडे पाहतांना गंमत वाटते, आणि दुसऱ्याच क्षणीं दंगलींत जाळलेल्या वाहनांचे रस्त्यांत पडलेले सांगाडे आठवून मन चरकतें. कल्पना भेदक आहे, रचना निर्दोष आहे. परंतु तिचीं हाडें राळेसारख्या कृत्रिम द्रव्यांतून घडविलेलीं आहेत. भंगारांतील एकही भाग तिच्यांत शिक्षा भोगून आलेला नाहीं. ती रिक्षाविषयीं बोलते. स्वतः रिक्षा बोलत नाहीं. दालनांत हें चालतें. रस्त्यावर उभी राहणारी कृति मात्र रिक्षावाल्यास ओळखीची वाटली पाहिजे. त्यानें जवळ येऊन, “अरे, हा तर आपल्या गाडीचा पाटा!” असें म्हटलें पाहिजे.

तिसरें उदाहरण आमच्या महाराष्ट्राच्या अगदीं मातींतलें आहे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिरानें मुलाची हौस पुरविण्यासाठीं टाकाऊ भागांची एक लहानशी जीप तयार केली. खर्च सुमारें साठ हजार रुपये. दुचाकीप्रमाणें लाथ मारून ती सुरू होई. १९२१ सालीं चापेकचें नाटक रंगभूमीवर आलें त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०२१ च्या डिसेंबरांत, या जीपचें चलच्चित्र देशभर पसरलें. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिची वाखाणणी केली, ती नियमांत बसत नाहीं हेंही सांगितलें, आणि तिच्या मोबदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. पुढील महिन्यांत लोहार कुटुंबास ती मिळाली. ज्या कंपनीची ती गाडी, तिचा मोठा कारखाना आमच्याच नाशिकांत, सातपुरास, आहे. म्हणून ही वार्ता येथें जरा अधिकच आपुलकीनें बोलली गेली.

लोहारांची जीप कला म्हणून कोणी केली नव्हती. तसा दावाही त्यांनीं केला नाहीं. तथापि आमच्या कसोटीस ती कॅल्डरच्या मोटारीपेक्षां अधिक उतरते, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. जीपचें तोंड आहे, पण लाथ दुचाकीची आहे. प्रत्येक भाग नव्या संसारांत रमला आहे आणि माहेरही विसरलेला नाहीं. मग ती आणि आमच्या महाविद्यालयांतील तें वाहन यांत फरक कोणता? लोहारांच्या जीपला जावयाचें होतें. आमच्या मुलांच्या वाहनाला कांहीं सांगावयाचें होतें. जीप आपलें काम करून दाखवी आणि तेथें तिचा अर्थ पुरा होई. सांगावयाचें असलें म्हणजे मात्र आणखी एक जबाबदारी येते. पाहणाऱ्याची नजर कोठें थांबवावी आणि कोठून पुढें न्यावी, हें ठरवावें लागतें. कौशल्य भाग जुळवितें. कला त्यांतील कोणता भाग बोलेल आणि कोणता गप्प बसेल हें ठरविते. एवढा भेद आम्हांस मान्य आहे. यापलीकडे 'कौशल्य' आणि 'कला' यांमध्यें जी भिंत आम्ही सुशिक्षित लोक घालतों, ती कितपत खरी?

येथें आम्हांस नाशिकचे रथ आठवतात. चैत्रांत, कामदा एकादशीस, पंचवटींतून रामरथ आणि गरुडरथ निघतात. इंजिन नाहीं, सुकाणू नाहीं. जाड दोर आणि त्यांस लागलेले शेंकडों हात. वळणावर रथ वळविणें हें केवढें जोखमीचें काम आहे, हें ज्यानें गर्दींत उभें राहून पाहिलें असेल त्यालाच ठाऊक. लांकडाचा तो भार दोर ताणला कीं कुरकुरतो, थांबतो, पुन्हां हालतो. आणि प्रत्येक वेळीं गर्दीचा श्वासही त्याच्याबरोबर थांबतो आणि सुटतो. आमच्या प्रदेशांत चालत्या शिल्पाची परंपरा कोठें शोधावयाची असेल तर ती येथें आहे, ह्यूस्टनला नव्हे. आणि याच रथाविषयीं एक कटु आठवणही आहे. १९३० च्या मार्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलांत रथाच्या दिवशीं स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोघांनींही रथ ओढावा असें ठरलें होतें. तें ठरलेलें पाळलें गेलें नाहीं. सत्याग्रह्यांवर दगड पडले. रथावर कोरीव काम कोणाचें, हा वाद त्या दिवशीं नव्हता. दोराला हात कोणाचा लागावा, हा होता.

ही गोष्ट आम्ही येथें उगाच काढीत नाहीं. 'हें कौशल्य आहे, कला नव्हे' असें जेव्हां आम्हीं लिहिलें, तेव्हां आमच्या मनांत खरोखर तो वरचा सूक्ष्म भेद होता काय? आम्ही अंतःकरण तपासून पाहतों तों निराळेंच सांपडतें. त्या वाहनास ग्रीसचा वास येत होता. तें करणाऱ्या मुलांपैकीं दोघांचे वडील गॅरेजांत काम करीत होते, आणि वेल्डिंग त्यांनींच शिकविलें होतें. निसर्गचित्राचा कागद स्वच्छ होता. आमच्या लेखणीनें जो दोर ओढूं दिला नाहीं, त्याचें कारण सौंदर्यशास्त्रांत कमी आणि आमच्या धुतलेल्या हातांत अधिक होतें. हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु न लिहिल्यास या लेखास अर्थ उरणार नाहीं.

तथापि पश्चात्तापाच्या भरांत दोष झांकणें हाही टीकेचा धर्म नव्हे. त्या वाहनांत दोष होते आणि ते मोठे होते. पैकीं पहिला प्रकाशाचा. दिव्यांचा हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टची, पस्तीस अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी घेतली तर तिच्यांत चारशें वीस वॅट-तास शक्ति सांठते. स्कूटरचे पस्तीस-पस्तीस वॅटचे दोन दिवे डोळ्यांस लावले तर ते कागदावर सहा तास जळतील. हात हालविणारी मोटर जोडली तरी चार तासांस मरण नाहीं. परंतु दाट दिव्यांची पांच मीटरची एक पट्टी सत्तर वॅटपर्यंत खाते. तशा दहा लावल्या तर तीच बॅटरी छत्तीस मिनिटांत संपते, आणि प्रत्यक्षांत त्याहूनही आधीं. मग जनरेटर आलाच. आणि जनरेटर आला म्हणजे त्याचा आवाज आणि धूर हाच त्या कृतीचा मुख्य भाग होऊन बसतो. हिशेबाची चूक आणि कलेची चूक येथें एकच आहे. जेथें दोन डोळे पुरे होते, तेथें हजार दिवे लावले; आणि हजार दिव्यांत ते दोन डोळे हरवले.

हा दोष एकट्या त्या मुलांचा नव्हे. आपल्या गणेशोत्सवांतील चलत् देखाव्यांनीं कित्येक पिढ्यांस टाकाऊ मोटर, दांडा आणि चाक यांतून हालचाल काढण्याचें शिक्षण दिलें. हें ऋण मोठें आहे. परंतु दिवे स्वस्त झाल्यापासून मिरवणुकींत प्रकाश हा दाखविण्यासाठीं न राहतां दिपविण्यासाठीं झाला आहे. देवघरांतील समईच्या मंद उजेडांत मूर्तीचा चेहरा जसा हळूहळू डोळ्यांत भरतो, तसा तो झगझगाटांत भरत नाहीं, हें आपल्या घरांतील कोणतीही म्हातारी सांगेल. प्रकाशास अंधार लागतो. याच त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं आगकाड्यांसारख्या क्षुद्र वस्तूंस कॅमेऱ्यापुढें चालतें केलें. प्रेक्षक तीं चित्रें पाहूं शकले तीं सभोंवार काळोख होता म्हणूनच.

दुसरा दोष चंदेरी रंगाचा. सायलेन्सरवरील धुराचा काळेपणा, जाळीवरील गंज, स्पार्क प्लगचें जळकें टोंक, हें सर्व एकाच रंगाखालीं गेलें. गोधडी करावयास बसलेल्यांनीं शेवटीं तिला भट्टींत घातलें. आमच्या कसोटीप्रमाणें हा दोष अक्षम्य आहे. परंतु येथें आणखी एक कबुली द्यावयाची आहे. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधीं त्या महाविद्यालयांत दुसऱ्या कांहीं कामानें आमचें जाणें झालें होतें, आणि अर्धवट झालेलें तें वाहन मुलांनीं आम्हांस उत्साहानें दाखविलें होतें. तेव्हां त्यावर रंग नव्हता. आम्हीं पाहून म्हटलें होतें, “छान आहे, जरा नीटनेटकें दिसूं द्या.” चंदेरी रंगाचा डबा त्या वाक्यानें आला. ज्या दोषासाठीं आम्हीं त्यांस नापास केलें, तो त्यांच्या हातीं आम्हींच दिला होता.

या सर्व गदारोळांतूनही एक गोष्ट मात्र रंगाखालीं आणि दिव्यांखालीं झांकली गेली नव्हती. ती म्हणजे तो हालणारा उजवा हात. तो हालविण्यास मुलांनीं रिक्षाचीच वायपरची मोटर वापरली होती. ती मोटर आंत गरगर फिरते. दांतेरी चाक तिची गति कमी करतें. आणि एक आडवा दांडा त्या फिरण्याचें इकडून तिकडे झुलणें करतो. त्यामुळें तो हात वर गेला कीं तेथें थांबत नसे. त्याच बेतानें, त्याच वेगानें परत येई. मुलांच्या मनांत यंत्रमानवानें पाहुण्यांस सलाम करावा असें होतें. पण तो सलाम नव्हता. कोरड्या हवेंत, समोर कांच नसतांना, तो हात पावसाचें पाणी पुशीत होता. ज्या रिक्षाचा सांगाडा खालीं होता, तिच्या सर्व पावसाळ्यांची आठवण त्या एका झुलण्यांत शिल्लक होती. वेठ संपली होती. वेठीची संवय गेली नव्हती. चापेकच्या नाटकास जें म्हणावयाचें होतें, त्यांतला कांहीं अंश, एकही शब्द न उच्चारतां, त्या हातानें म्हटला. आम्हीं तो त्या दिवशीं पाहिला होता. ओळखला मात्र नाहीं.

अशा कृति आपल्याकडे टिकत कां नाहींत, याचींही कारणें पाहिलीं पाहिजेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमानें नोंदलेल्या वाहनाचें मूळ स्वरूप मालकास आपल्या मनानें बदलतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हीच दृष्टि कायम केली. रस्त्यावर चालणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असल्यानें या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. नाशिकच्या अंबड लिंक रोडवरील भंगार बाजार महापालिकेनें २०१७ च्या जानेवारींत हटविला, त्यामागेंही बेकायदा बांधकाम आणि आगीचें भय हीं कारणें खोटीं नव्हतीं. परंतु नियम जे नाहीं म्हणतात, त्याच्यासाठीं एखादी जागा आपण राखली पाहिजे कीं नाहीं? चंदीगड येथें रस्ते-निरीक्षकाचें काम करणाऱ्या नेकचंद यांनीं सरकारी जागेंत चोरून फुटक्या बांगड्यांची आणि कपबशांची बाग उभारली. ती कायद्यानें पाडतां आली असती. १९७६ सालीं ती लोकांसाठीं उघडली गेली, आणि पुढें त्या शहराचें भूषण ठरली. नाशिकास कारखाने आहेत, गॅरेजें आहेत, मिरवणुकीचे रस्ते आहेत, हात आहेत. वर्षांतून एक संध्याकाळ, वाहतूक बंद ठेवून, अशा वाहनांस हातांनीं ओढीत गोदाघाटापर्यंत नेलें, तर कोणताही कायदा मोडत नाहीं. दोर तर आपल्या ओळखीचाच आहे.

त्या वाहनाचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. उन्हाळ्याच्या सुटींत सायकलींच्या छपरास जागा हवी म्हणून तें भंगारवाल्यास वजनावर देण्यांत आलें. आम्हांस हें उशिरां कळलें. तो प्रश्न विचारणारा मुलगा आतां एका कारखान्यांत नोकरीस आहे. मागील महिन्यांत त्याची गांठ पडली तेव्हां त्यानें सांगितलें कीं, भंगारवाला येण्यापूर्वीं त्यानें उजवा हात तेवढा सोडवून घरीं नेला. तो घरच्या पडवींत टांगला आहे, आणि जुन्या बॅटरीवर अजून चालतो. “रंग खरवडून काढला सर,” तो म्हणाला, “खालचा काळा नळा बरा दिसतो.” आम्हीं आमचा निकाल चुकला असें त्याला सांगितलें. त्यानें आम्हांस घरीं चहास बोलाविलें आहे. पाऊस सुरू झाला कीं जाण्याचा आमचा विचार आहे.